कुणाच्या डेंजरमध्ये

धुकं असं दाट उतरलं होतं की गोठ्यातल्या म्हशीचं नुसतं तोंड दिसत होतं, मागचं धूड पांढऱ्यात कुठंतरी विरघळून गेलेलं. माघातली थंडी. उसाच्या पानापानावरून दव गळत होतं, आणि पाऊस नसताना पावसाची टपटप सगळ्या मळ्यात भरून राहिली होती. क्रांतीनं धार काढली, दूध तापायला ठेवलं, म्हशीपुढं उसाच्या वाढ्याची पेंडी टाकली आणि परातीत पीठ घेऊन चुलीपुढं बसली. अंगात ड्युटीचा शर्ट आधीच चढवलेला, त्याच्यावर नवऱ्याचा मिल्ट्रीतला हिरवा स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या.

पहिली भाकरी तव्यावर टाकताना मोडली. दुसरी काठाला चिरली. थंडीनं हात आखडलेत, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि स्वतःच ते मानलं नाही. आज पोलवर चढायचं होतं.

क्रांतीचं माहेर सातारा जिल्ह्यातलं, खंडाळ्याकडचं. लग्न होऊन ती पलूसजवळच्या या मळ्यात आली, तेव्हा बारावी झालेली होती. नवरा जयराज फौजेत. वर्षातून दोनदा येणार, तेवढ्यात घराला रंग, म्हशीला डॉक्टर आणि सगळ्या पाहुण्यांकडं हजेरी, एवढं उरकून परत जाणार. बाकीचे दिवस घरात ती आणि सासरे. नानासो म्हणाले, "पोरी, घरात बसून काय करतीस? शीक काय तरी." म्हणून तिनं सांगलीच्या आयटीआयला वायरमनला नाव घातलं. आणि आता ती वीज कंपनीत लाईनवर आहे. पोलवर चढते, तारा ओढते, उडालेले फ्यूज घालते. तालुक्यात अशा बाया नसल्यासारख्याच, त्यामुळं तिला बघायला सुरुवातीला माणसं गोळा व्हायची.

"लाईट ऱ्हाईल का गं आज?" दारात पोत्यावर बसून चहाची बशी फुंकत नानासोंनी विचारलं. या आठवड्यात शेतीची लाईट सकाळची होती आणि उसाच्या खोडव्याला पाणी द्यायचं होतं.

"ऱ्हाईल की मामा. मधी जरा जाईल, पर येईल."

"मधी कशानं?"

"काम हाय थोडं. आज आपल्याच—"

"असू दे, असू दे." नानासो मुद्दाम मोठ्यानं खोकले. "सांगू नगंस. काम हाय म्हणलीस, झालं."

क्रांतीनं पुढची भाकरी थापायला घेतली. या घरात निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारत नाहीत. तशी चाल पुष्कळ घरांत आहे, कुणी पाळतं, कुणी हसून सोडून देतं. पण नानासोंचं तसं नव्हतं. त्यांची बायको अंबूबाई एकदा बाजाराची पिशवी घेऊन घाईनं उंबरा ओलांडत होती आणि त्यांनी मागून हाक मारली होती, "कुठं निघालीस गं?" ती मागं वळून हसली होती, उत्तर दिलं नव्हतं. रस्त्याला उसाची ट्रॉली उलटली आणि अंबूबाई तिच्याखाली सापडली. तेव्हापासून नानासोंनी तो शब्द तोंडातून काढून टाकला. जयराज सुट्टी संपवून निघाला तरी ते विचारत नाहीत, की बाबा, आता पोस्टिंग कुठं. आणि सुनेनं खांबावर चढायची नोकरी धरल्यापासून तर कुणी आपणहून सांगू लागलं तरी ते कानावर हात ठेवल्यासारखं करतात. ठिकाणाचं नाव घेतलं की ते जवळ येतं, असं त्यांच्या मनानं घेतलेलं.

क्रांतीच्या ओठावर 'आपल्याच डीपीवर' एवढं आलं होतं. ते तिनं गिळलं. जोडीचा लाईनमन कोंडीबा डीपीपाशी, म्हणजे फ्यूजच्या लोखंडी पेटीपाशी, उभा राहील, मग काय काळजी, असा तिनं विचार केला. भाकरी फडक्यात बांधली, एक लवंग दाढेत धरली. चढायच्या दिवशी तिच्या तोंडाला कोरड पडायची, म्हणून लवंग.

"येते मामा."

"ये," नानासो म्हणाले. बशीतून नजर वर न काढता.

गावात तिला डेंजर बाई म्हणतात. पहिल्यांदा ती चावडीपुढच्या पोलवर चढली त्या दिवशी खाली जमलेल्या म्हाताऱ्यांतलं कुणीतरी बोललं होतं, "नानासोची सून लय डेंजर हाय गड्या," आणि ते चिकटलं. आमच्याकडं हा शब्द आता इंग्रजी राहिलेला नाही. शाळेची पायरी न चढलेली म्हातारीसुद्धा तो तोंडात घोळवते. मिसळीचा कट डेंजर असतो, शर्यतीचा बैल डेंजर असतो, शेजारणीची जीभ डेंजर असते. पोरगं दहावीला मार्क पाडून आलं की बाप पारावर सांगतो, "त्येचं डोस्कं लय डेंजर हाय." जयराज सरहद्दीवरून फोन करतो तेव्हा त्याचंही तेच, "आमच्यापरास तुझी ड्युटी डेंजर, नीट ऱ्हा." चव, ताकद, कौतुक, टोमणा, सगळं त्या शब्दात मावतं. भीती तेवढी त्यातून केव्हाच सांडून गेली आहे. म्हणून डीपीवर लाल अक्षरात तो शब्द लिहिलेला असतो, खाली कवटी काढलेली असते, आणि माणसं त्याच पाटीला टॉवेल अडकवून डीपीचं दार उघडतात.

नानासोही तेच करायचे. फ्यूज उडाला की ऑफिसला फोन करून वाट बघत कोण बसणार? पंपाच्या खोपीत आढ्याला तारेचा तुकडा खोचलेला असतो. पायात रबरी चप्पल, हातात पकड, टॉवेल पाटीवर, आणि फ्यूजच्या जागी तार. क्रांतीनं शंभरदा सांगितलं असेल. "मामा, ह्ये करू नगा." ते म्हणायचे, "बरं," आणि करायचे. मळ्यातले सगळेच करतात.

आणि क्रांतीच्या मनातली पोलवर चढायची भीती घरात कुणाला ठाऊक नव्हती. आधी ती नव्हतीच. दिवाळीनंतर आली, शिवतेज गेल्यावर.

शिवतेज तिच्या आयटीआयच्या वर्गातला. गाव तिच्या माहेराच्या बाजूचं, खंडाळा तालुक्यातलं. नोकरीही त्याला तिकडंच लागलेली. एका मळ्यात तार जोडायला तो पोलवर चढला. चढायच्या आधी त्यानं डीपीतले तिन्ही फ्यूज काढून घेतले. चिनी मातीची ती पांढरी ठोकळी असतात, त्यांना आमच्याकडं किटकॅट म्हणतात. ती त्यानं खिशात घातली. सगळे लाईनमन असंच करतात, फ्यूज खिशात म्हणजे जीव खिशात. पण खाली कुणाचं तरी पाणी खोळंबलं होतं. त्या माणसानं फ्यूज दिसेनात म्हणून आपल्याजवळची तार टाकली. शिवतेजला खाली उतरवलं तेव्हा तिन्ही किटकॅट त्याच्या खिशातच होती.

क्रांती दहाव्याला गेली होती. घरात फोटो, फोटोला हार, आणि हाराखाली पाटावर ती तिन्ही किटकॅट मांडून ठेवलेली. आईनं ठेवली होती. येणारा प्रत्येक माणूस तिकडं बघायचा आणि मान वळवायचा. परतताना एसटीत क्रांतीला घाम फुटला तो पलूस येईपर्यंत थांबला नाही.

त्यानंतर तिनं ऑफिसातल्या कपाटात पडून असलेली साखळी मागून घेतली. आकडे असलेली साखळी. लाईन बंद केल्यावर ती सगळ्या तारांना अडकवायची आणि एक टोक पोलच्या बुडाशी जमिनीत गाडलेल्या पट्टीला जोडायचं. मग कुणी चुकून लाईट सोडलीच, तर ती माणसाच्या अंगात न शिरता साखळीतून जमिनीत जाते. नियम आहे तसा. पण साखळी अडकवायची म्हणजे खटपट, वेळ जातो, आणि खाली शेतकरी ओरडत असतो. म्हणून कुणी अडकवत नाही.

"मॅडम, म्हशीची साखळी आणली व्हय?" कोंडीबानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. कोंडीबा तिच्याबरोबरचा जुना लाईनमन, रिटायरला आलेला, तोंडात सतत तंबाखूचा बार भरलेला. "दावणीला बांधताय का काय लाईट?"

"बांधते. सुटली म्हंजी?"

"आवं, मी खाली हाय की डीपीपाशी!"

"तुमी हायसा. पर तुमी म्हंजी समदं गाव न्हाई."

कोंडीबा हसला होता. डेंजर बाई भ्याली, म्हणून ऑफिसात सांगितलंही होतं.

भीतीनं झोप उडाली तेव्हा ती एका रविवारी मदिहाकडं गेली. मदिहा पलूसच्या रसूल पेंटरची मुलगी. क्रांती आयटीआयला आणि मदिहा कॉलेजला, दोघींची सांगलीची एसटी एकच होती. खिडकीच्या सीटवरून भांडता भांडता मैत्री झालेली. आता मदिहा सांगलीत इंग्रजी शिकवते आणि रविवारी घरी येते. आणि गंमत अशी की आमच्या भागातल्या जुन्या डीपींवरच्या पाट्या रसूल पेंटरनंच रंगवलेल्या. त्याच्या हातची कवटी लांबूनही ओळखू येते, कारण ती हसते.

"चाचा, कवटी हसती का ओ तुमची?" क्रांतीनं विचारलं होतं.

"दात दाखवल्याबिगर कवटी वळखू येत न्हाई गं. आन दात दाखवले की हसल्यागत दिसतंयच. त्येला मी काय करू?"

क्रांतीला हसू आलं नाही. मदिहानं ते बघितलं. "काय झालंय गं तुला?"

"मदे, डेंजर म्हंजी खरं काय गं? समदं गाव मला डेंजर म्हणतंय आन मला रातीला झोप न्हाई. मूळ काय त्या शब्दाचं?"

"पुढच्या रविवारी ये. बघून ठेवते."

पुढच्या रविवारी मदिहानं तिला आत माजघरात बसवलं आणि वर्गात शिकवावं तसं नाही, चुलीपुढं गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

"ह्यो शब्द मूळचा इंग्रजांचा न्हवंच. फ्रेंचांकडनं आला त्यांच्याकडं, आन त्याच्याआधी लॅटिनमधनं. लॅटिनमधी 'डोमिनुस' म्हंजी धनी. घराचा, जमिनीचा मालक. त्याच्यावरनं फ्रेंचात धन्याच्या सत्तेला एक शब्द झाला, त्योच पुढं डेंजर झाला. जुन्या इंग्रजीत लोक म्हणायचे, मी अमक्याच्या डेंजरमध्ये हाय. म्हंजी त्या माणसाच्या मुठीत हाय. त्यानं ठरवलं तर मारंल, ठरवलं तर सोडंल."

"आन संकट?"

"ते मागनं आलं. वाघ, आग, पूर, वीज, ह्ये सगळं मागनं. आधी डेंजर म्हंजी माणूस. ज्याच्या हातात तू हायस त्यो माणूस."

बाहेर ओसरीवर ब्रश धूत बसलेल्या रसूल पेंटरनं हे ऐकलं. "मग मी इतकी वर्सं कवटी कशाला काढत बसलो?" तो ओरडला. "माणसाचं तोंडच काढायला पायजे हुतं की!"

मदिहा खो खो हसली. क्रांतीनं मात्र तो शब्द मनात परत एकदा म्हणून बघितला. आपल्याला विजेची भीती वाटते असं तिला इतके दिवस वाटत होतं, आणि म्हणून ती स्वतःवर चिडत होती, की वायरमन असून विजेला भिते. तेव्हा तिला कळलं की विजेचं तिला काही वाटत नाही. वीज कशी वागणार ते तिला ठाऊक होतं. माणूस कसा वागेल ते ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून पोलच्या बुडाशी उभं राहिलं की ती मनात विचारायची, आत्ता मी कुणाच्या डेंजरमध्ये? सबस्टेशनवर बसलेला ऑपरेटर. डीपीपाशी उभा कोंडीबा. वस्तीवरचा अमका, पलीकडच्या विहिरीवरचा तमका. एकेकाचं तोंड डोळ्यापुढं आणायची आणि मग शिडीला हात घालायची. नानासोंचं तोंड त्यात कधी आलं नव्हतं.

धुक्यातून ती ओढ्याकडच्या डीपीपाशी आली तेव्हा कोंडीबा शिडी घेऊन येऊन थांबला होता. थोरल्या मळ्यातल्या एका पोलवरचा जोड सैल झाला होता आणि रात्री ठिणग्या पडताना कुणीतरी बघितल्या होत्या. त्या पोलला लाईट याच डीपीवरून जायची. नानासोंच्या पंपालाही याच. घराची लाईट मात्र गावातल्या दुसऱ्या डीपीवरची.

क्रांतीनं डीपीचं लोखंडी दार उघडलं. त्याच्या बिजागरीला गंज, उघडताना ते म्हशीच्या रेडकासारखं ओरडायचं. तिनं तिन्ही किटकॅट काढली आणि पिशवीत टाकली. दार लावून कडीला लाल फडकं बांधलं. पाटीवर रसूल पेंटरची कवटी दवानं ओली होऊन हसत होती.

"तुमी हितंच थांबा," ती कोंडीबाला म्हणाली.

"हितं थांबतो. पर शिडी कोण धरणार? दव बघितलंसा का, पोल तेल लावल्यागत झालाय."

ते खरं होतं. दोघं शिडी घेऊन पोलपर्यंत गेले. शिडी लावली, तिनं दोन पायऱ्या चढून बघितलं आणि शिडी बाजूला सरकली.  ती खाली उतरली. डीपी तिथून दिसत नव्हता. दोन पोलांच्या पलीकडं नुसतं पांढरं. कोंडीबा तिकडं उभा राहिला तर शिडी घसरणार, शिडी धरली तर डीपीपाशी कुणी नाही.

"धुक्यात कोण येतंय मरायला?" कोंडीबा म्हणाला. "मी धरतो. चढा बिगी बिगी."

मामांना डीपीपाशी बोलवावं म्हणून क्रांतीनं खिशातून फोन काढून घरी लावला. वाजत राहिला. नानासोंचा फोन फडताळात चार्जिंगला असतो आणि तिथंच वाजून वाजून गप्प होतो. तिनं लवंग चावली. कुणाच्या डेंजरमध्ये? ऑपरेटर. कोंडीबा. पलीकडच्या विहिरीवरचं कोण आज गावात नाही. बस.

ती चढली. पट्टा पोलला बांधला. साखळीचा आकडा तारेला पटकन बसेना.

"ऱ्हाऊ द्या की ती म्हशीची साखळी!" खालून कोंडीबा. "एक जोड आवळायचाय, दोन मिंटाचं काम!"

"गप बसा!"

तिनं एकेक आकडा बसवला. साखळीचं टोक खाली सोडलं. कोंडीबानं कुरकुरत ते पट्टीला जोडलं. मग तिनं पकड काढली आणि सैल झालेली तार हातात घेतली.

वरून जग दिसत नव्हतं. खाली शिडीच्या चार-पाच पायऱ्या, मग कोंडीबाचा मफलर, मग काही नाही. दवाची टपटप तेवढी ऐकू येत होती. आणि त्या टपटपीत कुठंतरी रेडकू ओरडलं.

क्रांतीचा हात तारेवरच थांबला. रेडकू नव्हतं ते. दार होतं.

मग खोकला आला. एकदा, मग घसा साफ केल्यासारखा दुसऱ्यांदा. तो खोकला ती रोज पहाटे ऐकते. त्या खोकल्यानंच ती उठते.

तिच्या डोळ्यापुढं सगळं एकदम आलं, खोपीच्या आढ्यातली तार, रबरी चप्पल, पाटीवर टॉवेल. साखळी लावलेली आहे, साखळी लावलेली आहे, असं एक मन म्हणत होतं. दुसऱ्या मनाला शिवतेजच्या पाटावरची तीन पांढरी ठोकळी दिसत होती. साखळीचा आकडा नीट बसला असेल ना? कोंडीबानं टोक जोडलंय की नुसतं टेकवलंय? तिनं तार सोडली, दोन्ही हात पोटाशी ओढून घेतले, आणि ओरडली. सुनेनं सासऱ्याला कधी मारू नये तशी हाक मारली.

"मामाऽऽ! मामा, मी हाय वर! हात लावू नगा!"

धुकं निळं झालं. सगळंच्या सगळं धुकं, उसासकट, पोलसकट, निळं. मग आवाज आला, दगडावर दगड फुटल्यासारखा. तिच्या डोळ्यापुढं साखळी नागासारखी उसळली, तारांवर आपटली आणि लोंबत राहिली.

मग परत टपटप.

आपण जिवंत आहोत हे तिला पायाच्या मुंग्यांवरून कळलं. खाली कोंडीबा शिडीला मिठी मारून बसला होता, तोंडातला बार घशात गेला होता आणि तो ठसकत होता.

"मामा!" तिनं हाक मारली.

काही नाही.

"मामा ओऽ!"

आता आधीपेक्षा जास्त भीती वाटली. आधीची भीती तिला रोजची होती, या भीतीशी तिची ओळख नव्हती. पट्ट्याचं बक्कल सुटेना. बोटं ऐकेनात. ती शेवटी शिव्या देत देत उतरली, कुणाला ते तिलाच कळलं नाही, आणि उसाच्या कडेनं धावली. पानं गालाला कापत होती.

नानासो चिखलात बसले होते, पाय पसरून, लहान मूल बसतं तसे. उजव्या हाताची बोटं काळी पडलेली, मिशीचं एक टोक जळून आखडलेलं. डीपीचं दार उघडं होतं आणि आतून करपल्याचा वास येत होता. पाटीवर त्यांचा टॉवेल. आणि शेजारी दगडावर क्रांतीचं लाल फडकं, घडी घालून नीट ठेवलेलं.

"मामा! लागलं का? बोला की!"

त्यांनी तिच्याकडं बघितलं. मग तिच्या पायाकडं. मग वर, जिथं पोल असेल त्या पांढऱ्याकडं.

"वर तू हुतीस?"

"व्हय."

"तुझा आवाज आला मला. भास वाटला. हात मागं घेस्तवर तार टेकली हुती." त्यांनी घराकडं बोट केलं. "घरातला बल्ब चालू हुता गं. पंप बंद पडला, आन घरात येऊन बघतो तर बल्ब चालू. मला वाटलं, लाईट हाय, फ्यूजच उडाला. तू मधी जाईल म्हणलीस तवा सगळीकडची जाईल, असं वाटलं मला. फडकं दिसलं, तर म्हणलं ऊसतोड्याचं कुणाचं तरी ऱ्हायलं असंल. घडी घालून ठिवलं."

कोंडीबा धापा टाकत आला. त्यानं आधी नानासोंना बघितलं, मग जळालेली तार बघितली आणि त्याचा ताबा सुटला.

"म्हाताऱ्या, सुनंला मारली असतीस की रं! ह्या हातानं! डोळं हायत का बटनं?"

"बल्ब चालू हुता, कोंडीबा."

"बल्बाच्या आयला तुझ्या! घरात माणूस हाय न्हवं? तिला इचारायचं न्हाई व्हय, कुठं हाय काम म्हणून?"

  क्रांती नानासोंपुढं चिखलात टेकली, त्यांचा हात धरला. 

 कोंडीबानं पोलच्या दिशेनं बघितलं. "साखळी उतरवून आणतो," तो म्हणाला. म्हशीची म्हणाला नाही.

नानासोंना गाडीवर मागं बसवून तिनं पलूसला दवाखान्यात नेलं. रस्ताभर त्यांनी चांगल्या हातानं तिचा स्वेटर मागून घट्ट धरून ठेवला होता. बोटांना मलम, पट्टी, एक इंजेक्शन. निभावलं थोडक्यात, डॉक्टर म्हणाला. संध्याकाळी जयराजचा फोन आला तेव्हा दोघांनी ठरवल्यासारखं सगळं झाकलं. "बरं हाय," नानासो म्हणाले. "धुकं लय पडतंय." जयराज म्हणाला, "डेंजर थंडी दिसती." नानासोंनी फोन सुनेच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बसले.

जोड तसाच सैल राहिला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच धुकं. क्रांतीनं धार काढली, दूध ठेवलं, पीठ मळलं. रात्री तिचा डोळा लागला नव्हता. आतल्या खोलीतून नानासोंच्या कुशी बदलण्याचा आवाज पहाटेपर्यंत येत होता, म्हणजे त्यांचाही नव्हता लागला. पहिली भाकरी आजही मोडली. तिनं तो तुकडा म्हशीला बाजूला ठेवला आणि दुसरी थापायला घेतली.

नानासो दारात होते. पट्टीचा हात मांडीवर, चहाची बशी समोर, चहा निवून साय धरलेली. ते तिच्याकडं न बघता उंबऱ्याकडं बघत होते. बराच वेळ. एकदा त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. घसा खाकरला.

"कुठं..." म्हणाले, आणि थांबले. जीभ भाजल्यासारखे.

क्रांतीचे हात परातीत थांबले.

"कुठं हाय आज?" नानासो म्हणाले. घाईघाईत, एका दमात, कुणी ऐकायच्या आत सांगून टाकावं तसे. आणि लगेच त्यांनी तिच्या तोंडाकडं असं बघितलं, जणू आताच काहीतरी कोसळणार आहे.

"त्योच पोल मामा. थोरल्या मळ्यातला. आपल्याच डीपीवरचा."

 भ्यालेलं माणूस कसं दिसतं ते क्रांतीनं आजपर्यंत आरशात बघितलं होतं, समोर पहिल्यांदाच बघत होती.

"मग मी येतो," नानासो म्हणाले. "डीपीपाशी बसतो."

"थंडी लय हाय."

"घोंगडं घेतो. कोण आलं तर ह्या काठीनं पाय मोडतो त्येचा."

"आन तुमी कशाला हात लावायचा न्हाई."

"एका हातानं काय लावतोय आता?" ते म्हणाले, आणि थांबून हळूच विचारलं, "ती साखळी घेतलीस न्हवं?"

"पिशवीत हाय."

"परत बघ."

तिनं उठून पिशवी उघडली, त्यांना दिसेल अशी साखळी वर काढली, आकडे मोकळे करून बघितले आणि परत आत ठेवली. तिच्या तोंडाला कोरड पडलीच होती. तेवढ्यात तव्यावरून करपल्याचा वास आला. ती वळली, भाकरी उलटली, काळी बाजू उलथन्यानं खरवडली, आणि पुढच्या भाकरीला पीठ घेतलं.